येऊरच्या पायथ्याशी उघड्यावरचं लग्न: आधी काय, नंतर काय

"आम्हाला हॉल नको. जंगलात, पन्नास माणसांत लग्न करायचंय." दिवाळी सरली की ठाण्यात हे वाक्य हमखास कानावर येतं. कल्पना चांगली आहे. फसतो तो क्रम. लोक आधी जागेचा ॲडव्हान्स देतात, मग फोटोवाला ठरवतात, मग पत्रिका छापतात आणि शेवटी कुणीतरी मामा विचारतो, "परवानगी काढलीत ना?"

भाचीच्या लग्नात आम्हीही हेच केलं. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर एक बंगला आवडला, तिथल्या तिथे पैसे दिले. दीड महिना राहिला असताना मालक म्हणाला, स्पीकर नको, सातनंतर पाहुणे नकोत, आणि पावतीही मागू नका. ॲडव्हान्स बुडाला. मग पंधरा दिवसांत सगळं नव्याने उभं केलं, तेव्हा नीट कळलं की अशा लग्नाचे तीन तुकडे करावे लागतात. कागद सरकारी कार्यालयात, विधी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर खासगी जागेत आणि जंगल फक्त एका सकाळपुरतं. तिन्ही एकाच जागी, एकाच दिवशी उरकायला गेलात की गाडी अडते.

## टप्पा १: हद्द ओळखा (सहा महिने आधी)

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवली, असं पुष्कळ ठाणेकरही धरून चालतात. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. येऊरचा डोंगर त्यातलाच. घोडबंदर रस्त्यापलीकडचा नागला भागही त्यातलाच.

तुमच्या दृष्टीने जमिनीचे तीन प्रकार आहेत.

पहिला, खुद्द उद्यान. इथे लग्न लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ मध्ये प्रवेशाचा परवाना कशासाठी मिळतो ते दिलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, अधिवासात बदल न करता छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. लग्न, साखरपुडा, हळद यांतलं काहीच त्या यादीत नाही. "आमची ओळख आहे" म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे लेखी आदेश मागा. तो विषय बदलेल.

दुसरा, उद्यानाभोवतीचा इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील पट्टा. तो डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाला. त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही, कुठे १०० मीटर तर कुठे ४ किलोमीटर. त्यामुळे "आमची जागा जंगलापासून लांब आहे" या वाक्याला काहीही अर्थ नसतो. इथे खासगी जागेत कार्यक्रम होऊ शकतो, पण आवाज, प्रकाश, बांधकाम आणि कचरा यांवर नजर असते, आणि ती असायलाच हवी.

तिसरा, नेहमीचं शहर. उपवनच्या खालची बाजू, घोडबंदर रस्त्यावरची लॉन्स. डोंगर समोर दिसतो आणि डोकेदुखी निम्मी होते. माझं मत विचाराल तर पन्नासच्या वर माणसं असतील तर हाच प्रकार निवडा.

नवी मुंबईकरांसाठी दोन शब्द. ऐरोलीच्या बाजूला खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला), आणि पनवेलच्या पुढे कर्नाळा पक्षी अभयारण्य. अभयारण्यालाही प्रवेशाचे तेच नियम आहेत. खारफुटीत मांडव घालायचा विचार तर मनातही आणू नका.

हद्द तपासायची रीत सोपी आहे. मालकाकडून सर्व्हे नंबर घ्या आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा स्वतः काढा. मालकाने दाखवलेली झेरॉक्स चालणार नाही. त्यातला "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. वनजमिनीची नोंद, आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावरचे निर्बंध, कोर्टातला वाद, सगळं तिथेच सापडतं. मग तो नंबर घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि विचारा: ही जागा उद्यानात, झोनमध्ये की बाहेर? मोबाईलच्या नकाशावरची हिरवी रेघ पुरावा म्हणून चालत नाही.

सावधान: या तीनपैकी एका प्रकारात जागा निश्चित बसेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. "फक्त तारीख अडवायला पाच हजार" म्हणजेसुद्धा ॲडव्हान्सच.

## टप्पा २: लग्न कायद्याने कुठे होणार ते ठरवा

चार माणसांत, गाजावाजा न करता लग्न करणारी जोडपी सर्वांत जास्त इथे चुकतात. डोंगरासमोर हार घातले, फोटो निघाले म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं.

विधीवत करणार असाल तर हिंदू विवाह अधिनियम १९५५ चं कलम ७ बघा. ज्या रीतीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर त्याने विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे "वेळ नाही, सप्तपदी राहू दे" हे चालणार नाही. गुरुजींना आधीच सांगा: मंगलाष्टकं दोन कमी म्हटली तरी चालतील, सप्तपदी पूर्ण हवी.

धर्म वेगळे असतील किंवा विधीच नको असतील तर विशेष विवाह अधिनियम १९५४. इथे दिवस मोजावे लागतात. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यापासून आणखी ३० दिवस थांबायचं. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर नवी नोटीस. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. मुलाचं वय २१ पूर्ण, मुलीचं १८ पूर्ण.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरही, वाजवी अंतरावरच्या जागी, जादा शुल्क भरून लग्न लावता येतं. ते शक्य आहे का, कुठला वार सोयीचा, हे नोटीस देतानाच विचारा. आदल्या आठवड्यात विचारलंत तर नकारच मिळेल, आणि तो रास्त असेल.

थांबून तपासा: नोटिशीची तारीख + ३० दिवस ही पहिली शक्य तारीख, नोटिशीची तारीख + तीन महिने ही शेवटची. मुहूर्त या दोघांच्या मध्ये बसतो का? पुण्यात किंवा कोकणात राहणाऱ्या दोघांना ठाण्यात नोटीस देता येणार नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या.

## टप्पा ३: तारीख, आणि त्याहून महत्त्वाची वेळ

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. उघड्यावरच्या लग्नासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वांत चांगला काळ. त्याआधी गवतात ओल आणि गोचीड. फेब्रुवारी सरला की डोंगरावरचं गवत वाळून काडीसारखं होतं आणि वणव्याचा हंगाम लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर आजी-आजोबांना उघड्यावर बसवणं म्हणजे छळ. पावसाळ्याबद्दल लिहीतही नाही.

आता वेळ. आपल्याकडे गोरज मुहूर्ताची फार हौस. सूर्य डोंगराआड जातोय, मंगलाष्टकं चालू आहेत, फोटो सोन्यासारखे. पण तीच वेळ बिबट्याच्या बाहेर पडण्याची असते. या उद्यानात बिबटे आहेत आणि ते संध्याकाळनंतर कडेकडेने फिरतात. तो माणसांवर टपून बसलेला असतो असं नाही. त्याला कुत्री हवी असतात. कुत्र्यांना तुमचं उष्टं हवं असतं. ही साखळी डोक्यात ठेवलीत तर अर्धे निर्णय आपोआप होतात.

डिसेंबरात ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. फेब्रुवारीच्या मध्याला साडेसहाच्या थोडं पुढे. डोंगराच्या पूर्व पायथ्याशी ऊन त्याच्याही बरंच आधी जातं, कारण सूर्य डोंगराच्या मागे उतरतो. म्हणून झोनमधली जागा असेल तर सकाळचा मुहूर्त घ्या: नऊ ते साडेअकरा विधी, बाराला पंगत, तीनपर्यंत शेवटची गाडी खाली. गोरजच हवा असेल तर शहरातल्या लॉनवर करा. तिथून डोंगर तेवढाच सुंदर दिसतो.

आमच्या गुरुजींना मी विचारलं होतं, सकाळचा मुहूर्त निघेल का? ते हसले. "मुहूर्त काढता येतो हो, बिबट्या काढता येत नाही."

## टप्पा ४: जागेची पाहणी दोनदा करा

एकदा लग्नाच्या वेळेला आणि एकदा अंधार पडताना. दुसऱ्या खेपेला कुत्री किती दिसतात, रस्त्यावर दिवे आहेत का, मोबाईलला रेंज कुठे जाते, ते बघा. येऊरचा चढ अरुंद आणि वळणांचा आहे. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की वरात घाटातच.

पाहणी करताना मान वर करून बघायला विसरू नका. आग्या मोहोळ! मोठ्या झाडाच्या फांदीखाली काळसर, अर्धगोल पोळं लोंबत असेल तर त्या झाडाजवळ मांडव, होम, अगरबत्ती, अत्तर काहीच नको. धुराने माश्या उठल्या तर पन्नास माणसांना पळायला जागा नसते. पोळं काढायला लावू नका. जागा शंभर-दीडशे पावलं सरकवा किंवा दुसरी बघा.

मालकाला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- जमीन अकृषिक आहे का? आदेशाची प्रत मिळेल का?
- बांधकामाला महापालिकेची परवानगी आहे का, की नोटीस आलेली आहे?
- स्वच्छतागृहं किती? पन्नास माणसांना किमान तीन हवीत, त्यातलं एक कमोडचं.
- जनरेटर आहे का, असल्यास कुठे ठेवतात?
- परवानगी नाकारली गेली तर ॲडव्हान्सचं काय?

शेवटच्या प्रश्नावर मालक गप्प झाला तर तुम्हीही गप्प उठा.

## टप्पा ५: परवानग्या, याच क्रमाने (दोन-तीन महिने आधी)

१. वनपरिक्षेत्र कार्यालय. जागा झोनमध्ये असेल तर साध्या अर्जात तारीख, वेळ, माणसं, गाड्या, स्वयंपाक कुठे होणार आणि कचरा कुठे जाणार हे लिहून द्या. पोच घ्या. "कळवण्याची गरज नाही" असं उत्तर मिळालं तरी अर्ज द्याच. नाक्यावर पाहुण्यांची गाडी अडली की ती पोच कामाला येते.

२. महापालिका. मांडव तात्पुरता असला तरी प्रभाग समिती कार्यालयात विचारा. अग्निशमन विभागाची अट असेल तर तिथेच कळेल.

३. पोलीस ठाणे. ध्वनिक्षेपकाचा परवाना हद्दीच्या पोलीस ठाण्यातून. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. मध्यरात्रीपर्यंतची जी सवलत ऐकू येते ती वर्षातल्या ठरावीक सणांच्या दिवसांसाठी असते, तुमच्या संगीतासाठी नाही.

खरं तर पन्नास माणसांना स्पीकर लागतोच कशाला? सनई-चौघडा प्रत्यक्ष बोलवा. दोन वादक, एक तास. खर्च डीजेपेक्षा कमी आणि वाद शून्य.

४. दारू देणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना. झोनमध्ये मी तो बेतच रद्द करायला सांगेन.

सावधान: ड्रोनवाला "मी बघून घेतो" म्हणेल. त्याने बघून उपयोग नाही. येऊरला हवाई दलाचं केंद्र आहे, खाली वन्यजीव आहेत, आणि नवी मुंबईच्या बाजूला आता विमानतळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासल्याशिवाय ड्रोनचे पैसे पॅकेजमध्ये धरू नका. बहुतेक वेळा ते पैसे वाचतातच.

## टप्पा ६: जंगलातली सकाळ

हा भाग लग्नाच्या दिवशी करू नका. आधी किंवा नंतर, वेगळ्या दिवशी करा. फक्त नवरा, नवरी, फोटोवाला आणि फार तर एक मदतनीस. फोटोसाठी उद्यानाची लेखी परवानगी आणि शुल्क असतं. घरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आणि लाइट-रिफ्लेक्टर लावून केलेलं शूटिंग यात कार्यालय फरक करतं. अर्जात नेमकं काय नेणार ते लिहा. बोरिवलीचं मुख्य प्रवेशद्वार सोमवारी बंद असतं. कान्हेरी लेण्यांत फोटो हवे असतील तर त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, परवानगी वेगळी काढावी लागते.

कपडे साधे ठेवा. जमिनीवर लोळणारा शेला आणि काटेरी झुडूप यांचं जमत नाही, हे माझ्या भाचीला विचारा. धुराच्या रंगीत कांड्या, फुगे, कागदी कपटे, बारीक दिव्यांच्या माळा: यातलं काहीही आत नेऊ नका. अधिवासात बदल न करता छायाचित्रण, हे कायद्याचे शब्द आहेत.

## टप्पा ७: मांडव, होम, पंगत

होम. उद्यानात किंवा अभयारण्यात धोका होईल असा अग्नी पेटवायला वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० ने बंदी आहे, म्हणून होम बाहेरच. बाहेरही तो लोखंडी कुंडात, विटांवर उचलून घ्या. भोवती दोन-तीन मीटरचं गवत आदल्या दिवशी काढा आणि जमीन शिंपडा. दोन बादल्या पाणी, एक घमेलं वाळू, आणि एक माणूस ज्याचं काम फक्त अग्नीकडे बघणं. तो माणूस नवरीचा भाऊ नको. लाजाहोमात लाह्या द्यायला त्यालाच बोलावतील. विधी झाल्यावर कुंडातली राख पूर्ण विझवा, हात लावून बघा, मगच उचला.

अक्षता. पन्नास माणसांना मूठभर-मूठभर म्हणजे किलो-दोन किलो तांदूळ जमिनीवर. मग उंदीर, मागोमाग साप. फुलांच्या पाकळ्या वापरा. ज्येष्ठांना तांदूळच हवे असतील तर मांडवाखाली सतरंजी घाला आणि लगेच गुंडाळून न्या.

रुखवत. उघड्यावर मांडू नका. लाडू, करंज्या, फळांच्या टोपल्या... माकडांना वाटेल त्यांचंच केळवण आहे. आमच्याकडे साखरेचं तुळशीवृंदावन एका माकडिणीने पळवलं आणि झाडावर बसून सगळ्यांदेखत खाल्लं. रुखवत आत, दाराला कडी.

पंगत. स्वयंपाक वर करू नका. आचाऱ्याकडून खालून तयार आणा, वर फक्त गरम करा. मेन्यू छोटा ठेवा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात बंदी आहे. पत्रावळी-द्रोण घ्या, पण उष्ट्यासकट पत्रावळी कुठे जाणार ते आधी ठरवा. झाकणाची पिंपं ठेवा, उघड्या टोपल्या नकोत. हात धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नका.

दिवे. सकाळचं लग्न असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दिवे खाली तोंड करून, पिवळट, आणि झाडांवर माळा नकोत.

थांबून तपासा: आदल्या संध्याकाळी प्रथमोपचाराची पेटी, दोन मोठ्या बॅटऱ्या, वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता माहीत असलेला ड्रायव्हर, या चार गोष्टी हजर आहेत का? साप दिसला तर मारायचा नाही, हाकलायचा नाही, माणसं लांब करायची आणि त्या क्रमांकावर फोन करायचा.

## टप्पा ८: लग्नाचा दिवस

गाड्या खाली ठेवा, पाहुण्यांना दोन-तीन छोट्या बसने वर न्या. ठाणे स्टेशनहून आपली टीएमटीही येऊरला जाते, पण नऊवारीतल्या आत्यांना त्यात बसवण्याचं धाडस मी केलं नाही. घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्यांना वेळ एक तास आधीची सांगा. तरी ते उशिरा येतीलच.

मुलांसाठी एक काका नेमा. "लांब जाऊ नका" सांगून उपयोग नसतो. दोरी बांधून हद्द दाखवा. वाळलेल्या पाचोळ्यात हात घालायचा नाही, माकडाला खाऊ द्यायचा नाही, हे दोनच नियम सांगा. वरात, फटाके, बँड नाहीत. पाहुण्यांना हे पत्रिकेतच कळवा. निघायची वेळही पत्रिकेत छापा. आम्ही "शुभमंगल सकाळी १०:१७" च्या खाली "परतीची शेवटची बस दुपारी ३:००" असं छापलं होतं. लोक हसले, पण तीनला बस भरली.

## टप्पा ९: आवराआवर आणि नोंदणी

मांडववाल्याला उरलेले पैसे त्याच दिवशी देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात जागा फिरून बघा: सुतळ्या, टाचण्या, खिळे, गुलाबाभोवतीचं प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. रात्री यातलं काहीच दिसत नाही. ओला कचरा स्वतःच्या गाडीने खाली आणा. "सकाळी घंटागाडी येईल" या भरवशावर रात्रभर वर ठेवलात तर कुत्री येतील, आणि कुत्र्यांमागे कोण येतं ते वर लिहिलंच आहे.

मग नोंदणी. विधीवत लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करा: ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय, नवी मुंबईत विभाग कार्यालय. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार, गुरुजींची सही आणि लग्नपत्रिका. छोट्या लग्नात पत्रिका छापतच नाहीत आणि मग इथे अडतं. पन्नास नको, दहा तरी छापा. गुरुजींची सही मांडवातच घेऊन ठेवा. आमचे गुरुजी दुसऱ्या दिवशी नाशिकला गेले ते महिनाभर फोनवरच भेटत राहिले.